ओपन सोर्स आभासी जगात नवे आहात? परवानग्या, लायसन्स आणि पेटंटचा गुंता असा सोडवा

ओपनसिम्युलेटर (थोडक्यात ओपनसिम) या आभासी जग चालवणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरवर मी पहिलं रिजन, म्हणजे त्या जगातला जमिनीचा एक भाग, उभं केलं, तेव्हा माझी समजूत अशी होती की सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे म्हणजे आतलं सगळंच मोकळं. महिन्याभरात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "हे मी वापरू का?" पहिल्याला मी दिलेला दिव्याचा खांब पुढे मित्राला द्यायचा होता आणि तो जात नव्हता. दुसरीला माझं अख्खं रिजन तिच्या सर्व्हरवर चढवायचं होतं. तिसऱ्याला माझा डोंगर-दऱ्या तयार करणारा कोड त्याच्या विकाऊ प्रकल्पात घ्यायचा होता. मी तिघांनाही "घ्या की" म्हणून मोकळी झाले. तिन्ही वेळा ते उत्तर चुकीचं होतं, आणि प्रत्येक वेळी चुकण्याचं कारण वेगळं होतं.

खांबाचा प्रश्न सर्व्हरच्या परवानगीचा होता. रिजनचा प्रश्न लायसन्सचा होता. कोडच्या प्रश्नात लायसन्स होतंच, शिवाय पेटंटही दडलेलं होतं. या तीन गोष्टी एकमेकींच्या जागी चालत नाहीत, हे समजायला माझं जवळजवळ वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणं मुख्यतः ओपनसिमची आहेत, कारण माझा हात तिथे बसला आहे.

१. आधी प्रश्न ओळखा

कुठलीही वस्तू किंवा कोड समोर आला की तीन प्रश्न वेगवेगळे विचारा.

सर्व्हर मला हे करू देतो का? ही झाली परवानगी. कॉपी (प्रत काढणं), मॉडिफाय (बदलणं), ट्रान्स्फर (दुसऱ्याला देणं) यांच्यापुढच्या टिका, म्हणजे 'चालेल'च्या खुणा, जमिनीवरचा प्रवेश, ग्रुपमधले अधिकार हे सगळं यात येतं.

ज्याने ते बनवलं, त्याने मला हे करायचा हक्क दिला आहे का? हे लायसन्स. ते कॉपीराइटवर उभं असतं.

ही करण्याची पद्धतच तिसऱ्या कुणाच्या नावावर आहे का? हे पेटंट. तुम्ही कोडची एकेक ओळ स्वतः लिहिली असली, समोरच्याचं काम कधी पाहिलंही नसलं, तरी पेटंट लागू होऊ शकतं. कॉपीराइटमध्ये असं होत नाही. नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो.

सर्व्हरने करू दिलं म्हणजे हक्क मिळाला असं नाही, आणि हक्क असला तरी सर्व्हर करू देईलच असंही नाही. मी माझ्या सर्व्हरची मालक आहे. डेटाबेस माझ्या हातात आहे, त्यामुळे तिथे आलेली कुठलीही वस्तू मी तांत्रिकदृष्ट्या 'सगळं मोकळं' करू शकते. म्हणून ती माझी होत नाही.

२. हाताशी काय ठेवायचं

– सर्व्हरच्या मशीनवर कन्सोल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडण्याचा अधिकार आणि सेटिंगच्या फाइलींची एक जुनी, न बदललेली प्रत.
– दोन खाती: एक तुमचं, एक साध्या पाहुण्याचं. पाहुण्याच्या खात्याला कुठलाही खास अधिकार देऊ नका.
– ओपनसिमसाठी बनवलेला व्ह्यूअर, म्हणजे आभासी जग पाहण्याचा आणि त्यात फिरण्याचा प्रोग्राम. फायरस्टॉर्म बहुतेकांकडे असतो.
– वापरलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या मजकुराची प्रत, तुमच्याकडच्या आवृत्तीची.
– बाहेरून आणलेल्या प्रत्येक वस्तूची पावती किंवा उतरवण्याच्या पानाचं चित्र, तारखेसकट.
– एक साधी तक्ता-फाइल: वस्तू, निर्माता, कुठून आणली, लायसन्स, तारीख, शेरा.

शेवटच्या दोन गोष्टी सुरुवातीला कंटाळवाण्या वाटतात. तरी पहिल्या दिवसापासूनच करा. सहाशे वस्तू झाल्यावर मागे जाऊन हे भरणं किती अवघड असतं, ते मी स्वतः अनुभवलं आहे.

३. सर्व्हरची दारं बघून घ्या

रिजनकडे व्ह्यूअर साधारणपणे पोर्ट ९००० वरून येतो. ग्रिड (एकत्र जोडलेल्या रिजनचा समूह) चालवत असाल तर रोबस्ट ही त्याची मध्यवर्ती सेवा ८००२ आणि ८००३ ही दोन पोर्ट वापरते. ८००२ बाहेरच्यांसाठी असतं. ८००३ सर्व्हरांनी आपसात बोलण्यासाठी असतं आणि ते इंटरनेटवर उघडं राहता कामा नये. ते उघडं असेल तर खाली सांगितलेल्या सगळ्या टिकांना काहीच अर्थ उरत नाही, कारण बाहेरचा माणूस थेट इन्व्हेंटरी (प्रत्येकाच्या सामानाचा साठा) आणि अ‍ॅसेट (वस्तूंचा मूळ डेटा) यांच्या सेवेशी बोलू शकतो. फायरवॉलमध्ये ते बंद करा आणि दुसऱ्या नेटवर्कवरून खात्री करून घ्या.

यानंतर ओपनसिमच्या मुख्य आयएनआय फाइलमधला 'परमिशन्स' विभाग उघडा. 'सर्व्हरसाइड ऑब्जेक्ट परमिशन्स' हे सेटिंग चालू हवं. ते बंद असेल तर सर्व्हर कुणालाच अडवत नाही. 'रिजन ओनर इज गॉड' हे मुळातच चालू असतं, म्हणजे रिजनचा मालक गॉड मोडमध्ये (सगळे अधिकार मिळणाऱ्या अवस्थेत) जाऊन इतरांच्या वस्तूंनाही हात लावू शकतो. एकटे असाल तर ठीक आहे. दुसऱ्यांना रिजन चालवायला देणार असाल तर हे सेटिंग राहू द्यायचं की नाही, ते सगळ्यांशी बोलून ठरवा आणि रहिवाशांना सांगून टाका. 'अलाऊ ग्रिड गॉड्स' चालू केलं तर ज्या खात्याची पातळी २०० किंवा त्याहून वर आहे त्याला सगळीकडे हे अधिकार मिळतात. म्हणून पातळी वाढवलेली खाती किती आहेत, ते मधूनमधून तपासा.

कन्सोलवर 'बायपास परमिशन्स' अशी एक आज्ञा आहे. काही दुरुस्त करताना लोक ती चालू करतात आणि बंद करायला विसरतात. माझ्याकडून हे घडलं आहे. दोन दिवस सगळे पाहुणे सगळ्यांच्या वस्तू उचलू शकत होते. आता ती आज्ञा दिली की मी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवते आणि बंद केल्यावरच कागद काढते.

स्क्रिप्टचंही एक दार आहे. ओपनसिममध्ये नेहमीच्या एलएसएल या स्क्रिप्टच्या भाषेखेरीज ओएसएसएल नावाची जादा फंक्शन्स मिळतात. त्यांना धोक्याच्या पायऱ्या दिलेल्या आहेत: 'नन'पासून 'सीव्हिअर'पर्यंत. सर्व्हरच्या कन्सोलला आज्ञा देणारं फंक्शन अर्थातच 'सीव्हिअर'मध्ये येतं. एखादी स्क्रिप्ट चालत नाही म्हणून अख्खी पायरी वर चढवू नका. तेवढं एकच फंक्शन, तेही इस्टेटच्या (एका मालकाखालच्या रिजनच्या गटाच्या) मालकापुरतं किंवा ठरावीक व्यक्तीपुरतं, उघडता येतं. तसंच करा.

४. जमीन आणि माणसं

प्रवेश दोन थरांवर ठरतो. इस्टेटच्या थरावर ठरतं की सगळ्यांना यायला मोकळीक आहे, की यादीतल्यांनाच. पार्सलच्या (रिजनमधल्या जमिनीच्या एका तुकड्याच्या) थरावर ठरतं की त्या तुकड्यावर कोण येईल, कोण बांधकाम करेल, कोणाच्या स्क्रिप्ट चालतील. कुणाला पूर्ण रिजनबाहेर ठेवायचं असेल तर इस्टेटची बंदी लावा. पार्सलची बंदी त्या तुकड्यापुरतीच असते.

तीन जागी हमखास पाय अडकतो.

पहिली जागा मैत्रीची. मित्रयादीत 'माझ्या वस्तू बदलू शकतो' असा एक अधिकार देता येतो. लोक तो एका घराच्या कामासाठी देतात, पण लागू होतो तुमच्या मांडलेल्या सगळ्याच वस्तूंना, आणि त्यात उचलून नेणं व पुसून टाकणंही येतं. एकत्र काम करायचं असेल तर ग्रुप करा आणि हव्या त्या वस्तूच ग्रुपशी वाटा.

दुसरी जागा ग्रुपचीच. ओपनसिममध्ये ग्रुपची सोय मुळात बंद असते, ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. नाहीतर 'ग्रुप का होत नाही' म्हणून व्ह्यूअरमध्ये शोधत बसाल.

तिसरी जागा डीड करण्याची. वस्तू ग्रुपच्या नावावर केली की ती दुसऱ्या मालकाकडे गेली असंच धरलं जातं, म्हणजे पुढच्या मालकासाठीच्या टिका त्या क्षणी लागू होतात. 'मॉडिफाय' काढून डीड केलंत तर तुमच्याच हाताने बनवलेली वस्तू तुम्हाला बदलता येणार नाही. आधी एक प्रत इन्व्हेंटरीत घेऊन ठेवा, मगच डीड करा.

लुआंटी या ठोकळ्यांच्या जगाच्या खुल्या गेम इंजिनावरून, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याचं नाव माइनटेस्ट होतं त्यावरून, येणाऱ्यांना हे सगळं फार वाटतं. तिथे अधिकार वस्तूला नसून माणसाला असतात: बोलण्याचा, हात लावण्याचा, उडण्याचा, आणि सर्व्हर मालक ते आज्ञेने देतो किंवा काढतो. जमीन राखायची तर वेगळा मॉड (जादा जोडप्रोग्राम) लावावा लागतो. ती रचना समजायला सोपी आहे, पण 'ही एक वस्तू विक, ती विकू नकोस' असं तिथे सांगता येत नाही.

५. वस्तूवरच्या टिका: दिव्याच्या खांबाची गोष्ट

आता तो खांब. मी खांबाला पुढच्या मालकासाठी कॉपी, मॉडिफाय, ट्रान्स्फर या तिन्ही टिका दिल्या होत्या. तरी ज्याला तो दिला त्याच्या इन्व्हेंटरीत खांबापुढे 'नो ट्रान्स्फर' असं दिसत होतं. मी तीनदा नवा खांब पाठवला आणि तीनदा तसंच झालं.

कारण खांबाच्या आत होतं. अंधार पडला की दिवा लावणारी एक छोटी स्क्रिप्ट मी आत ठेवली होती आणि त्या स्क्रिप्टवर पुढच्या मालकासाठी फक्त 'कॉपी'ची टिक होती. आत ठेवलेल्या वस्तूची परवानगी जितकी आवळलेली, तितकीच बाहेरच्या वस्तूची होते. डब्यात एक जरी 'पुढे न देता येणारी' वस्तू असली तर डबा पुढे जात नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर व्ह्यूअरच्या डेव्हलपर मेनूतून परवानग्यांचं डीबग दृश्य चालू करा. मग वस्तू संपादित करताना खाली बी, ओ, जी, ई, एन, एफ अशी अक्षरं दिसतात: मूळ, मालक, ग्रुप, सर्वजण, पुढचा मालक, आणि आतलं सगळं हिशोबात धरून उरलेली परवानगी. त्याच्याकडच्या खांबावर 'एन'पुढे टी (ट्रान्स्फर) होता, 'एफ'पुढे नव्हता. उत्तर तिथेच होतं आणि मी ते एक आठवडा पाहिलंच नाही.

डेटाबेसमध्ये याच टिका आकडे होऊन बसतात. ट्रान्स्फर ८१९२, मॉडिफाय १६३८४, कॉपी ३२७६८, मूव्ह (हलवणं) ५२४२८८. चारही असतील तर बेरीज ५८१६३२. पुढच्या मालकाच्या रकान्यात ५७३४४० दिसलं की समजायचं, ट्रान्स्फर गेलं. मोठ्या संग्रहात कुठे चूक आहे ते शोधायला हे आकडे फार उपयोगी पडतात. मात्र डेटाबेस फक्त वाचा, तिथे थेट आकडे बदलू नका.

आणखी काही गोष्टी, ज्या मला कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं:

परवानगी बदलायची तर वस्तू जमिनीवर मांडून बदला. इन्व्हेंटरीत असताना बदललेली परवानगी आतल्या वस्तूंपर्यंत पोचत नाही.

आधी दिलेल्या प्रती सुधारत नाहीत. चूक दुरुस्त केलीत तर नवी प्रत पाठवावी लागते.

पुढच्या मालकाकडून 'कॉपी' काढली की 'ट्रान्स्फर' द्यावंच लागतं. दोन्ही काढता येत नाहीत.

टेक्स्चरला, म्हणजे पृष्ठभागावर चढवायच्या चित्राला, या टिका जवळजवळ लागू पडत नाहीत. ज्याला त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) माहीत आहे तो ते आपल्या भिंतीवर लावू शकतो. खरोखर गुप्त ठेवायचं असं काहीही टेक्स्चरमध्ये ठेवू नका.

आणि प्रत्येक वस्तू पाहुण्याच्या खात्याला देऊन, त्या खात्यातून आत शिरून, पुढे देऊन बघा. मालकाच्या डोळ्यांना ही चूक कधीच दिसत नाही.

टिका म्हणजे कुलूप नव्हे, हेही लक्षात ठेवा. जे व्ह्यूअरच्या पडद्यावर दिसतं ते व्ह्यूअरपर्यंत पोचलेलं असतं. ओपनसिम ज्याच्या धर्तीवर बनलं त्या सेकंड लाइफ या आभासी जगात २००६ मध्ये कॉपीबॉट या वस्तूंच्या प्रती काढणाऱ्या प्रोग्रामवरून जो गदारोळ झाला तो याच कारणाने. टिका सभ्य माणसाला निर्मात्याची इच्छा सांगतात आणि सर्व्हर ती पाळतो. हे थोडं नाही, पण कायदेशीर हक्काचं काम ते करत नाहीत.

६. वस्तू बाहेर पडताना

हायपरग्रिड या ग्रिड जोडणाऱ्या सोयीमुळे एका ग्रिडचा माणूस आपली सूटकेस (सोबत नेण्याच्या वस्तू) घेऊन दुसऱ्या ग्रिडवर जातो. ही कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठ, अर्व्हाइन इथल्या प्राध्यापक क्रिस्टा लोपेस यांची. ती मला ओपनसिममधली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते आणि सगळ्यात नाजूकही. तुमची वस्तू दुसऱ्या सर्व्हरवर गेली की तिथले नियम तिथला मालक चालवतो. तुमच्या ग्रिडवरून काय बाहेर जाऊ द्यायचं, यासाठी 'आउटबाउंड परमिशन' हे सेटिंग आहे आणि वस्तूवर 'एक्सपोर्ट'ची वेगळी टिकही आहे. दुसऱ्याच्या वस्तू तुमच्याकडे असतील तर हायपरग्रिड उघडण्याआधी त्यांना विचारा.

आता रिजनची ओएआर फाइल. यात भूभाग, वस्तू, टेक्स्चर, स्क्रिप्ट सगळं एका गठ्ठ्यात बांधलं जातं. 'सेव्ह ओएआर' या आज्ञेला 'पर्म' नावाचा पर्याय आहे. त्यात सी आणि टी दिलं की ज्या वस्तूंना कॉपी आणि ट्रान्स्फर नाही त्या गठ्ठ्यात घेतल्याच जात नाहीत. सार्वजनिक करायच्या फाइलसाठी हा पर्याय कधीही सोडू नका. 'पब्लिश' नावाचा दुसरा पर्याय मालकाची माहिती काढून टाकतो. लोक समजतात की त्याने फाइल वाटायला मोकळी झाली. तसं होत नाही, त्याने फक्त मालकाची नोंद जाते. दुसरीकडे चढवताना ज्या आयडीचं खातं तिथे नसेल त्याच्या वस्तू इस्टेटच्या मालकाच्या नावावर लागतात. म्हणजे ज्याने कधी विटेलाही हात लावला नाही, त्याच्या नावावर तुमचा वाडा दिसू शकतो.

माझ्या रिजनमध्ये एक कोरीव दार होतं. दुसऱ्या एका ग्रिडवर मी ते पैसे देऊन घेतलं होतं आणि तिथल्या अटींत स्पष्ट लिहिलं होतं की वापर त्याच ग्रिडपुरता. दारावर सगळ्या टिका होत्या, म्हणून 'पर्म'च्या चाळणीतून ते सहज गेलं. फाइल मागणाऱ्या मैत्रिणीला मी ती पाठवून मोकळी झाले आणि नंतर तक्ता भरताना लक्षात आलं. तिला कळवलं, तिने ते पुसलं, दार बनवणाऱ्यालाही मी लिहून सांगितलं. तो रागावला नाही. पण त्याचा हक्क माझ्या हातून मोडला गेला होता, आणि सर्व्हरने मला एका शब्दानेही अडवलं नव्हतं.

म्हणून ओएआर बाहेर देण्याआधी निर्मात्यांची नावं एकेक वाचा. तुमचं नाव नाही तिथे तक्त्यात लायसन्स शोधा. सापडलं नाही तर वस्तू काढा.

७. लायसन्स: लवकर आटपेल असा भाग

ओपनसिम बीएसडी लायसन्सखाली आहे: नाव आणि सूचना ठेवा, बाकी मोकळे. लुआंटी एलजीपीएल २.१ किंवा त्यापुढची आवृत्ती. आणखी दोन खुली आभासी जगं: ओव्हर्ट अपाचे २.०, आणि हब्ज एमपीएल २.०; मोझिलाने आपली हब्जची सेवा मे २०२४ अखेर बंद केली, तरी कोड मोकळा असल्याने तो पुढे चालू शकला.

सर्व्हरचं लायसन्स आणि व्ह्यूअरचं लायसन्स वेगळं असतं, हे विसरू नका. सेकंड लाइफ बनवणाऱ्या लिंडेन लॅबने २००७ मध्ये त्याच्या व्ह्यूअरचा कोड जीपीएलखाली (यात त्यातून बनवलेला कोड वाटताना तोही त्याच अटींवर द्यावा लागतो) खुला केला आणि २०१० मध्ये तो एलजीपीएलवर नेला. मधल्या काळात ओपनसिमची मंडळी याबाबत फार जपून होती: जीपीएलचा व्ह्यूअर कोड पाहिलेल्यांकडून बीएसडीच्या सर्व्हरमध्ये कोड घेत नसत, नाहीतर एकाची ओळ दुसऱ्यात मिसळल्याचा संशय राहिला असता. आजही फायरस्टॉर्म सेकंड लाइफसाठी वेगळा आणि ओपनसिमसाठी वेगळा मिळतो, कारण पहिल्यात हॅवोक या बंदिस्त फिजिक्स इंजिनाचा भाग आहे आणि त्याची परवानगी सेकंड लाइफपुरतीच आहे. कोड खुला, एक तुकडा बंद, असं जिथे असतं तिथे तो तुकडा आधी शोधा.

आणि कोडचं लायसन्स आतल्या घरांना, कपड्यांना, आवाजांना लागू होत नाही. त्यांचं लायसन्स ज्याचं त्याने द्यायचं. तुमच्या वस्तूंना द्यायचं असेल तर वस्तूच्या आत एक नोटकार्ड ठेवा: निर्माता, वर्ष, क्रिएटिव्ह कॉमन्सची कुठली अट. टिका आणि नोटकार्ड एकमेकांच्या विरुद्ध बोलणार नाहीत, एवढं बघा.

८. पेटंट: न घाबरता, पण डोळे उघडे ठेवून

पेटंट त्या त्या देशापुरतं असतं आणि साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांनी संपतं. त्यात खरा जीव दाव्यांमध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितला आहे त्या वाक्यांमध्ये, असतो. शीर्षक आणि सारांश वाचून घाबरू नका. एखाद्या दाव्यात पाच पायऱ्या असतील आणि तुमच्या कोडमध्ये त्यातल्या चारच असतील, तर सहसा तो दावा जसाच्या तसा तुमच्यावर बसत नाही.

आभासी जगांशी थेट जोडलेला एक खटला समजून घ्या. वर्ल्ड्स इन्कॉर्पोरेटेड या कंपनीकडे १९९५ च्या मूळ अर्जापर्यंत मागे जाणारी काही अमेरिकन पेटंटं होती. विषय असा: खूप अवतार एका जागी असतील तर प्रत्येकाला सगळे न दाखवता ठरावीकच दाखवायचे. गर्दीचं रिजन चालवणाऱ्या कुणालाही ही गरज ओळखीची वाटेल. २०१२ मध्ये कंपनीने अ‍ॅक्टिव्हिजन या गेम कंपनीवर खटला भरला. मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायालयाने २०२१ मध्ये ते दावे अपात्र ठरवले, कारण माहिती गाळून दाखवणं ही अमूर्त कल्पना आहे. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवला. यामागे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा अ‍ॅलिस निकाल आहे, ज्याने 'जुनीच कल्पना, फक्त संगणकावर' अशा पेटंटांचा पाया काढून घेतला. पण वर्षं मोजा: दहा. मोठी कंपनी दहा वर्षं लढू शकते. चार मित्रांचा प्रकल्प पहिल्याच पत्राने बंद पडू शकतो.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं आहे, कारण त्यात कोड बदलला गेला. २०११ मध्ये डूम ३ या गेमचा सोर्स कोड जीपीएलखाली खुला झाला. त्यात सावल्या काढण्याची एक पद्धत होती जिच्यावर क्रिएटिव्ह कंपनीचं पेटंट होतं. त्या गेमचे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी खुल्या आवृत्तीसाठी तेवढा भाग नव्याने लिहिला. लायसन्स द्यायला मालक तयार होता, अडथळा तिसऱ्याचा होता.

आणि माझा तो डोंगर-दऱ्यांचा कोड. त्यात मी सिम्प्लेक्स नॉइज, म्हणजे नैसर्गिक वाटणारे चढउतार तयार करणारी गणिती पद्धत, वापरला होता. केन पर्लिन यांच्या या शोधावर पेटंट होतं, त्यातला काही भाग टेक्स्चरसाठी सिम्प्लेक्स नॉइज वापरण्याबद्दल होता, आणि ते जानेवारी २०२२ मध्ये संपलं. त्याआधी अनेकजण ओपनसिम्प्लेक्स नावाचा पर्याय वापरत, जो मुद्दाम त्या पेटंटला वळसा घालून बनवलेला होता. मला विचारणाऱ्याला मी हे काहीच सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. संपलेली पेटंटं ही आनंदाची यादी आहे: एस३टीसी हे टेक्स्चर आवळण्याचं तंत्र आणि एमपी३, दोन्ही २०१७ मध्ये मोकळी झाली. आवाजासाठी ऑग व्हॉर्बिस आणि ओपस आधीपासून रॉयल्टीविना आहेत, शक्य तिथे तेच वापरा.

आता करायचं काय, ते क्रमाने.

पहिलं, तुमच्या लायसन्समध्ये पेटंटचं कलम आहे का ते बघा. अपाचे २.०, जीपीएलची तिसरी आवृत्ती आणि एमपीएल २.० यांत कोड देणारा माणूस आपल्या पेटंटचा हक्कही देतो. बीएसडी आणि एमआयटी याबद्दल स्पष्ट काही बोलत नाहीत. नवा प्रकल्प सुरू करत असाल आणि कंपन्यांकडून कोड येणार असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: अपाचे २.० घ्या. मात्र हे कलम फक्त कोड देणाऱ्यांच्या पेटंटांपुरतं आहे. बाहेरच्या कुणाचं पेटंट असेल तर कुठलंच लायसन्स तुम्हाला वाचवत नाही.

दुसरं, कुठे वापरणार ते ठरवा. युरोपीय पेटंट करारात कलम ५२ नुसार नुसता संगणक प्रोग्राम पेटंटयोग्य नाही. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३(के) तेच सांगतं. दोन्हीकडे 'नुसता' या शब्दावर वाद होतात, आणि तांत्रिक परिणाम दाखवून पेटंट मिळवली जातात. अमेरिकेत दार जास्त उघडं आहे, आणि तुमचे वापरकर्ते तिथे असतील तर तिथला कायदाही तुमच्याशी संबंधित होतो.

तिसरं, ठोस कारण असेल तेव्हाच शोधा. गूगल पेटंट्स आणि एस्पेसनेट दोन्ही मोफत आहेत. शोधताना अर्जाची तारीख, देश, दावे, आणि फी भरून पेटंट जिवंत ठेवलं आहे का, हे चार रकाने भरा. उगाच रात्रभर पेटंटं वाचत बसू नका. अमेरिकेत माहीत असून उल्लंघन केल्याचं ठरलं तर भरपाई तिपटीपर्यंत जाऊ शकते, म्हणून तिथले अनेक वकील प्रोग्रामरना पेटंटं चाळू नका असाच सल्ला देतात.

चौथं, आणि हा सापळा फार कॉमन आहे: गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) कमिट संदेशात किंवा गप्पांच्या खोलीत "हे बहुतेक अमक्या पेटंटमध्ये बसतं" असं लिहू नका. ते कायम राहतं. शंका असेल तर प्रकल्प सांभाळणाऱ्याशी बोला.

पाचवं, तुम्हाला नवं काही सुचलं आणि ते सगळ्यांसाठी मोकळं राहावं असं वाटत असेल, तर पद्धत सविस्तर लिहून तारखेसकट सार्वजनिक करा. पेटंट मिळायला गोष्ट नवी असावी लागते. तुमचा मजकूर आधीचा असेल तर नंतर कुणी तीच पद्धत आपली म्हणू लागलं तर तो पुरावा ठरतो. नुसता कोड टाकण्यापेक्षा दोन पानांचं साधं वर्णन जास्त कामाचं, कारण पेटंट तपासणारा अधिकारी वर्णन शोधतो.

९. पत्र आलंच तर

काही पुसू नका, इतिहास बदलू नका. उत्तर देण्याची घाई करू नका, रागाने तर मुळीच नको. पत्रात काय आहे ते वेगळं करा: हे कॉपीराइटबद्दल आहे की पेटंटबद्दल? कॉपीराइटची तक्रार असेल तर कुठली वस्तू ते विचारा, तक्ता उघडा, आणि तुमच्याकडे हक्क नसेल तर ती त्याच दिवशी काढा. पेटंटचं असेल तर पेटंटचा क्रमांक, कुठला दावा आणि तुमच्या प्रकल्पातला कुठला भाग, या तिन्ही गोष्टी पत्रात आहेत का ते बघा. नसतील तर तेही लिहून ठेवा. मग वकील गाठा. ओपन सोर्स प्रकल्पांसाठी सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर ही संस्था २००५ पासून काम करते आहे. लिनक्सशी निगडित सॉफ्टवेअरसाठी ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क या, सदस्यांनी एकमेकांवर पेटंट न चालवण्याच्या करारावर उभ्या संस्थेचं सदस्यत्व घेता येतं, पण त्यांनी ठरवलेल्या यादीत तुमचं सॉफ्टवेअर बसतं का ते आधी तपासा.

वकिलाकडे जाताना क्रमांक २ मधला तक्ता, लायसन्सच्या प्रती आणि गिटचा इतिहास सोबत न्या. पहिल्या भेटीतला बहुतेक वेळ हेच विचारण्यात जातो, आणि ते तयार असेल तर खऱ्या प्रश्नावर बोलायला वेळ उरतो.